समुद्रातलं वायुक्षेत्र उभारताना: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगर या पट्ट्यातली मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशनची मुलं हजीरा-उरणच्या तेल-वायू प्रकल्पांतल्या नोकऱ्यांकडे डोळे लावून असतात. त्यातली काही जण शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला 'समुद्रातल्या वायुक्षेत्राचा विकास' हा विषय घेतात आणि प्रकल्प नजरेखालून घालायला माझ्याकडे पाठवतात. गणितं नीट असतात, आकृत्या देखण्या असतात, क्रम मात्र हटकून चुकलेला असतो. पहिल्या पानावर वायू सापडतो, तिसऱ्या पानावर प्लॅटफॉर्म उभा राहतो, पाचव्यावर नफा.

ही आपल्याकडच्या बोअरची सवय असावी. पाणी लागलं की केसिंग, मोटार, पाइप, आणि दोन दिवसांत हौदात धार. समुद्रात वायू 'लागला' की खरं काम सुरू होतं. मुंबईसमोरच्या समुद्रातलं वसई क्षेत्र १९७६ साली सापडलं, तिथला वायू वाहायला लागला १९८८ मध्ये. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ गटात (शोधासाठी आखून दिलेल्या समुद्राच्या तुकड्यात) २००२ साली वायू मिळाला आणि उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झालं. मधल्या वर्षांत काय करायचं आणि कशानंतर काय, एवढंच या लेखात आहे.

उदाहरणासाठी एक कल्पित क्षेत्र धरू. पश्चिम किनाऱ्यापासून ९० किलोमीटर आत, पाण्याची खोली ६० मीटर, एका शोध विहिरीत वायू मिळालेला. २० किलोमीटरवर दुसऱ्या कंपनीचा जुना प्रक्रिया प्लॅटफॉर्म आहे. पुढचे सगळे आकडे याच क्षेत्राचे.

## आधी एककं पक्की करा

वायूचं आकारमान नेहमी प्रमाणित दाबाला आणि तापमानाला मोजलेलं असतं. आपल्याकडे रोजचं उत्पादन दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात, म्हणजे एमएमएससीएमडी. परदेशी पुस्तकांत घनफूट असतात. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट आणि १ ट्रिलियन घनफूट म्हणजे सुमारे २८.३ अब्ज घनमीटर. विक्री मात्र आकारमानावर होत नाही, उष्णतेवर होते, म्हणजे दशलक्ष बीटीयूवर (बीटीयू हे उष्णतेचं ब्रिटिश एकक). ही तिन्ही एककं एकाच तक्त्यात मिसळली की पुढचं सगळं मुसळ केरात.

## टप्पा १ : सापडलेलं किती आणि कुठवर, हे तपासणं

एक विहीर म्हणजे एक टाचणी. तिने एवढंच कळतं की त्या जागी, त्या खोलीवर वायू आहे. तो किती पसरलाय, मध्ये प्रस्तरभंग, म्हणजे थर तुटून सरकलेली जागा, आहे का, खाली पाणी कुठे लागतं, यातलं काही ती सांगत नाही. म्हणून त्रिमितीय सेस्मिक (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून केलेल्या) सर्वेक्षणाचा नकाशा समोर ठेवून आणखी दोन-तीन विहिरी खणायच्या. यांना अप्रेझल विहिरी म्हणतात. त्यातली निदान एक मुद्दाम उतारावर, जिथे वायू संपून पाणी सुरू होईल असं वाटतं तिथे घ्यायची. तिथे वायू मिळाला नाही तरी पैसा वाया जात नाही, कारण साठ्याची कड हाती लागते.

विहिरीत काय करायचं त्याचाही क्रम आहे. आधी लॉगिंग, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून खडकाच्या नोंदी घेणं, मग दाबाचे आणि द्रवाचे नमुने, शक्य असेल तिथे गाभा, म्हणजे खडकाचा कापून आणलेला दंडगोल, आणि शेवटी वाहती चाचणी. चाचणीत वायू काही तास सोडायचा, मग विहीर बंद करून दाब पुन्हा कसा चढतो ते पाहायचं. मुलं वाहण्याचा आकडा लाल शाईने लिहितात आणि दाब चढण्याचा आलेख परिशिष्टात टाकतात. खरी माहिती त्या आलेखात असते. दाब मूळ पातळीवर परत आलाच नाही, तर साठा लहान असण्याची किंवा जवळच भिंत असण्याची शंका घ्यायला हवी.

सावधान: चाचणीत काढलेला 'पूर्ण उघड्या विहिरीचा प्रवाह' हा कागदी आकडा आहे. कोणतीही विहीर तशी चालवत नाहीत. तशी चालवली तर वाळू येते, पाणी वर ओढलं जातं. साधारण त्याच्या पाव हिश्शावर नियोजन करा.

## टप्पा २ : साठ्याचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

सूत्र सोपं आहे. क्षेत्रफळ गुणिले वायू असलेल्या थराची जाडी, गुणिले सच्छिद्रता, गुणिले त्या छिद्रांतला पाणी वजा जाता वायूचा वाटा. हे झालं जमिनीखालचं आकारमान. वर आल्यावर वायू फुगतो, म्हणून त्याला वायूच्या आकारमान गुणांकाने भागायचं.

आपल्या क्षेत्राचे आकडे टाकू. क्षेत्रफळ २० चौरस किलोमीटर, निव्वळ जाडी २० मीटर, सच्छिद्रता २० टक्के, पाण्याचा वाटा ३० टक्के. गुणाकार केला की ५.६ कोटी घनमीटर. आकारमान गुणांक ०.००५ धरला, म्हणजे खालचा एक घनमीटर वर येऊन दोनशे होतो. उत्तर ११.२ अब्ज घनमीटर, सुमारे ०.४ ट्रिलियन घनफूट.

आता चुका पाहा. पहिली चूक जाडीची. विहिरीत वायूचा पट्टा ४५ मीटरचा दिसला, पण त्यातले २५ मीटर शेल म्हणजे चिकणमातीचा दगड आहे. ४५ हा आकडा टाकला की साठा थेट २५ अब्जांवर जातो. दुसरी चूक जमिनीत असलेला वायू आणि काढता येणारा वायू एकच समजण्याची. साठा बंदिस्त असेल आणि केवळ दाब उतरत जाऊन वायू येत असेल, तर ७० ते ९० टक्के हाती लागतो. खालून पाणी जोरात चढत असेल तर दाब टिकतो, पण पाणी वायूला मागे अडकवून ठेवतं आणि ५० ते ७० टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. तेलाचं पुस्तक वाचून आलेले इथे उलटं लिहितात, कारण तेलात पाण्याचा रेटा चांगला मानतात. आपल्या क्षेत्रात ७० टक्के धरले तर ७.८ अब्ज घनमीटर, ५५ टक्के धरले तर ६.२ अब्ज. दिवसाला २० लाख घनमीटर काढायचे, तर वर्षाला लागतात ०.७३ अब्ज. म्हणजे नुसत्या या एका गृहीतकात दोन वर्षांहून जास्त विक्रीचा फरक आहे.

तिसरी चूक एकच आकडा देण्याची. साठा नेहमी तीन आकड्यांत सांगतात. नव्वद टक्के खात्रीचा, पन्नास टक्क्यांचा आणि दहा टक्क्यांचा. प्लॅटफॉर्मची क्षमता मधल्या आकड्यावर ठरवावी, पण कर्जाचा हिशेब पहिल्या आकड्यावर तगला पाहिजे.

हे पुस्तकी पाल्हाळ वाटत असेल तर आपल्याच पूर्व किनाऱ्याकडे पाहा. गुजरातच्या सरकारी कंपनीने २००५ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दीनदयाळ क्षेत्रात २० ट्रिलियन घनफूट वायू असल्याचं जाहीर केलं. थर घट्ट, दाब आणि तापमान भयंकर, आणि पुढे विकासासाठी धरलेला साठा त्या घोषणेच्या जवळपासही नव्हता. २०१७ मध्ये त्यातला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने घेतला. डी-६ मध्ये मुख्य दोन क्षेत्रांची यंत्रणा दिवसाला ८ कोटी घनमीटरसाठी बांधली होती. २०१० च्या सुमारास उत्पादन ६ कोटींच्या आसपास पोचलं आणि मग झपाट्याने उतरलं. दाब घसरला, विहिरींत पाणी आणि वाळू आली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती क्षेत्रं बंद झाली. जमिनीखालचा हिशेब चुकला की वरचं लोखंड कितीही भारी असो, उपयोग नाही.

तपासा: तुमच्या अहवालात 'साठा' या शब्दाशेजारी खात्रीची टक्केवारी आहे का? विकास आराखडा मंजूर होण्याआधीच्या वायूला 'साठा' म्हटलंय का? मंजुरी आणि विक्रीचा मार्ग ठरेपर्यंत तो सशर्त संसाधनच असतो.

## टप्पा ३ : वायूचा दर्जा आणि गिऱ्हाईक

तेल टँकरमध्ये भरून ठेवता येतं. समुद्रातल्या वायूला गोदाम नाही. ज्या दिवशी काढला त्या दिवशीच पाइपमधून गिऱ्हाइकाकडे गेला पाहिजे. म्हणून गिऱ्हाईक लोखंडाच्या आधी.

त्याआधी वायूत काय आहे ते पाहा. मिथेन किती, जड घटक किती, कार्बन डायऑक्साइड किती, हायड्रोजन सल्फाइड आहे का. कार्बन डायऑक्साइड पाण्याबरोबर मिळून साध्या पोलादाला खातो. हायड्रोजन सल्फाइड पोलादाला तडे पाडतो आणि माणसाला मारतो. साधारण १०० भाग प्रति दशलक्षला नाक बधिर होतं, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असं समजणारा फसतो. वसईचा वायू असा 'आंबट', म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेला, आहे, म्हणून तो हजीऱ्याला नेऊन साफ करतात. आपल्या क्षेत्रात हा घटक निघाला तर विहिरीच्या नळीपासून शेवटच्या झडपेपर्यंत धातूची निवड बदलते. हे नंतर कळलं तर सगळं परत.

भावाची चूकही इथेच होते. बातमीत वाचलेला एकच भाव सगळ्या क्षेत्रांना लावतात. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या नॉमिनेशन (लिलावाविना दिलेल्या) क्षेत्रांतल्या वायूचा भाव एप्रिल २०२३ पासून भारतीय क्रूड टोपलीच्या, म्हणजे भारत घेतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या, १० टक्के असा ठरतो. त्याला प्रति दशलक्ष बीटीयू ४ डॉलरचा तळ आणि ६.५ डॉलरचं छत होतं, आणि दोन वर्षांनंतर छत दरवर्षी पाव डॉलरने चढायचं. खोल पाण्यातल्या किंवा जास्त दाब-तापमानाच्या वायूला वेगळी कमाल मर्यादा आहे. २०१६ च्या हेल्प, म्हणजे शोध-परवान्यांच्या, धोरणाखाली घेतलेल्या गटांना विक्रीचं आणि भावाचं स्वातंत्र्य आहे. तुमचा गट कोणत्या कराराखालचा, हे आधी लिहा, मग भाव.

आणि सगळा वायू विकला जात नाही. प्लॅटफॉर्मवरच्या टर्बाइनला इंधन लागतं, थोडा फ्लेअरवर, म्हणजे उघड्या ज्योतीवर, जळतो, अशुद्ध घटक काढल्यावर आकारमान घटतं. ही वजावट न करता उत्पन्न काढणारे प्रकल्प मी पहिल्याच पानावर परत करतो.

## टप्पा ४ : आकृतिबंध निवडणं

आता कुठे प्लॅटफॉर्मबद्दल बोलायचं. इथेही 'कोणता' याआधी 'लागतोच का' हा प्रश्न.

आपल्या क्षेत्रापुढे तीन वाटा आहेत. स्वतःचा प्रक्रिया प्लॅटफॉर्म आणि किनाऱ्यापर्यंत ९० किलोमीटरची पाइपलाइन. किंवा एक छोटा, माणसं न राहणारा विहीर-प्लॅटफॉर्म आणि तिथून २० किलोमीटरवरच्या जुन्या प्लॅटफॉर्मला जोडणी. किंवा समुद्रतळावरच विहिरींची तोंडं ठेवून तीच जोडणी.

६० मीटर पाण्यात तिसरी वाट सहसा परवडत नाही. समुद्रतळावरची यंत्रणा महाग, आणि दुरुस्तीला दर वेळी खास जहाज आणावं लागतं. हीच वाट डी-६ च्या आर क्लस्टरला योग्य होती, कारण तिथे पाणी २००० मीटरहून खोल आहे. तिथे जॅकेट, म्हणजे समुद्रतळावर टेकलेला प्लॅटफॉर्मचा पोलादी सांगाडा, उभं करायचा विचारच नको. उथळ पाण्यात चार पायांचं पोलादी जॅकेट, त्यावर लहानसा डेक, गरजेपुरती वीज सौर पॅनेलवर, आणि महिन्यातून काही वेळा येणारी माणसं, हे दुसऱ्या वाटेचं चित्र. ०.४ ट्रिलियन घनफुटांच्या क्षेत्राला बहुतेक हेच जमतं.

पण जुन्या प्लॅटफॉर्मला जोडायचं म्हटलं की मुलं नकाशावर एक रेघ ओढून मोकळी होतात. त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला चार प्रश्न उभे असतात. तिथल्या यंत्रणेत रिकामी क्षमता आहे का, आणि कोणत्या वर्षापासून? तिथला येणारा दाब किती, आणि आपला दाब चार वर्षांनी त्याहून खाली गेला तर काय? त्यांची पाइपलाइन आंबट वायूसाठी बनवलीय का? आणि नवा रायझर लावायला त्या जॅकेटवर जागा आणि ताकद उरलीय का? यातलं एक उत्तर 'नाही' आलं तरी वाट बदलते.

सावधान: रायझर म्हणजे समुद्रतळावरून डेकवर येणारा उभा पाइप. तो बोटी लागतात त्या बाजूला ठेवू नका आणि उघडा ठेवू नका. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर जखमी माणसाला उतरवून देण्यासाठी जवळ आलेल्या जहाजाची धडक रायझरला बसली, वायू पेटला आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ जणांचे जीव गेले. रायझरची जागा ठरवायला आराखड्यात फारसा वेळ लागत नाही, पण नंतर ती बदलता येत नाही.

डेक ठरवताना एक मोकळी जागा आणि तेवढ्या वजनाची ताकद राखून ठेवा. साठ्याचा दाब उतरला की पुढे कॉम्प्रेसर बसवावा लागेल. हे नंतर सुचलं तर समुद्रात नवा डेक वाढवायचा खर्च मूळ डेकच्या तोंडात मारेल असा येतो.

वायू ओला असेल तर हायड्रेटचा हिशेब करा. जास्त दाब आणि थंडी मिळाली की पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखा गोळा होतो आणि पाइप बंद पडतो. उथळ, कोमट पाण्यात पाइपलाइनला हा धोका कमी, पण प्रवाहाला आळा घालणाऱ्या चोक झडपेपलीकडे दाब एकदम पडतो तिथे वायू गारठतो. म्हणून हायड्रेट रोखणारं ग्लायकॉल सोडायची सोय विहिरीच्या तोंडापाशीच हवी.

## टप्पा ५ : विकास आराखडा आणि परवानग्या

वरच्या चार टप्प्यांचं सार म्हणजे विकास आराखडा. तो हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएचकडे जातो, आणि कराराप्रमाणे व्यवस्थापन समितीपुढे येतो. तिथे पहिला प्रश्न साठ्याचा असतो, प्लॅटफॉर्मच्या रंगाचा नव्हे.

परवानग्या एकामागून एक घेत बसलात तर दोन वर्षं जातील. बऱ्याच समांतर चालतात. क्षेत्र विकासाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी लागते, आणि त्यासाठीच्या अभ्यासात ऋतुमानानुसार पाण्याची, माशांची माहिती मागितली जाते. म्हणून हा अभ्यास आराखड्याच्या आधी सुरू करा. पाइपलाइन किनाऱ्याला लागते तिथे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम. संरक्षण मंत्रालयाची हरकत नाही ना, हे वेगळं. समुद्रातल्या सुरक्षेसाठी २००८ चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पाहतं.

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. तिथे मासेमारी बंद होते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या संस्थांशी बोलणं पाइप टाकायच्या आदल्या आठवड्यात नाही, सर्वेक्षणाची बोट निघायच्या आधी करायचं असतं. जाळ्यांच्या जागा त्यांनाच ठाऊक असतात, आणि पाइपलाइनचा मार्ग थोडा वळवायला त्या वेळी काही लागत नाही.

## टप्पा ६ : सविस्तर आराखडा, पैशाचा निर्णय, मग गुत्तेदार

क्रम असा: आधी पायाभूत अभियांत्रिकी, मग पैसे लावायचा अंतिम निर्णय, मग मोठी गुत्तेदारी. वेळ वाचवायच्या नादात अर्धवट आराखड्यावर गुत्ता दिला की बदलांची बिलं सुरू होतात, आणि समुद्रातला बदल जमिनीवरच्या बदलापेक्षा कैक पटींनी महाग.

एक अपवाद मात्र करावा लागतो. कॉम्प्रेसर, विहिरीच्या तोंडावरच्या झडपा, खास धातूची नळी, लेपाचे पाइप यांना कारखान्यातून यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. यांची मागणी अंतिम निर्णयाच्या आसपासच नोंदवावी लागते, थोडी जोखीम घेऊन.

आणि प्लॅटफॉर्मच्या नेमक्या जागी समुद्रतळाची माती काढून तपासा. जवळपासच्या अहवालावर भागवू नका. मुंबईच्या समुद्रात काही ठिकाणी चुनखडीयुक्त वाळू आहे. पाइल, म्हणजे जॅकेटला तळाशी खिळवणारा पोलादी खांब, ठोकला की तिचे कण चुरडतात आणि पाइलला धरून ठेवणारं घर्षण साध्या वाळूच्या हिशेबापेक्षा फार कमी भरतं. साध्या वाळूचं सूत्र लावून पाइलची लांबी काढली तर जॅकेट कागदावरच नीट उभं राहतं.

## टप्पा ७ : समुद्राचं कॅलेंडर

पश्चिम किनाऱ्यावर उचलायची, बसवायची, पाइप टाकायची कामं साधारण ऑक्टोबर ते मे मध्यापर्यंत होतात. जून ते सप्टेंबर पावसाळा. पेरणीचा मुहूर्त हुकण्याचा अर्थ मराठवाड्यातल्या पोराला सांगावा लागत नाही, तरी बार चार्ट काढताना सगळे महिने सारखे धरले जातात. मेमध्ये तीन आठवडे कमी पडले तर काम तीन आठवडे लांबत नाही, ऑक्टोबरवर जातं.

म्हणून हिशेब उलटा करा. जॅकेट नोव्हेंबरमध्ये बसवायचं असेल तर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला यार्डात तयार हवं. जोडणीला वर्षभर धरा. त्याआधी पोलाद यायला काही महिने. म्हणजे पोलादाची मागणी दीड वर्ष आधी. मग पाहा अंतिम निर्णयाची तारीख कुठे येते.

समुद्रातला क्रम आता लक्षात घ्या. जॅकेट बार्जवरून उतरवतात किंवा क्रेनने उचलून ठेवतात. ते तळावर टेकतं तेव्हा फक्त स्वतःच्या वजनावर आणि खालच्या चटईसारख्या प्लेटांवर उभं असतं. मग पायांच्या पोकळीतून पाइल ठोकतात. पहिले दोन पाइल समोरासमोरच्या कोपऱ्यांत, मग पातळी तपासायची, मग उरलेले. पातळी बिघडली असेल तर ती याच वेळी सुधारता येते. सगळे पाइल बसल्यावर, मधली फट सिमेंटने भरल्यावर वाकडं जॅकेट वाकडंच राहतं. आणि पाइल अर्धे असताना हवामानाचा इशारा आला तर काय, याचं उत्तर निघण्याआधी लिहून ठेवा.

डेक बसला की जॅक-अप रिग येऊन शेजारी पाय रोवते आणि डेकवर हात पुढे करून विहिरी खणते. इथे एक युक्ती आहे. रिग एकदा पायांवर उभी राहिली की पावसाळ्यातही खणू शकते, पण पावसाळ्यात तिला जागेवरून हलवत नाहीत. म्हणजे मे मध्यापूर्वी रिग जागेवर आणली तर पावसाळ्याचे चार महिने खणण्यात सत्कारणी लागतात. पाइपलाइन पुढच्या हंगामात.

सावधान: हवामानाचा अंदाज वाचून काम थांबवायचा अधिकार कोणाचा, हे गुत्त्यात स्पष्ट लिहा. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही माणसांनी भरलेली बार्ज नांगर तुटून बुडाली आणि ७० हून अधिक कामगार गेले. इशारा आधी आलेला होता.

## टप्पा ८ : विहिरी

दिवसाला २० लाख घनमीटर हवेत आणि एक विहीर ५ लाख देते, म्हणून चार विहिरी, असं सरळ गणित करू नका. एखादी विहीर दुरुस्तीला बंद असतेच. पाच धरा.

केसिंगमागचं सिमेंट नीट बसलंय का, याचा लॉग घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. समुद्रतळाखाली आपोआप बंद होणारी सुरक्षा झडप प्रत्येक विहिरीत हवी. वाळू येण्याची शक्यता गाभ्यावरून कळते. येणार असेल तर जाळी किंवा खडीचा थर सुरुवातीलाच बसवा. वाळू एकदा सुरू झाली की चोक आणि वळणं कोरून काढते, आणि नंतर विहीर पुन्हा उघडणं म्हणजे पुन्हा रिग.

## टप्पा ९ : पाइपलाइन तपासणं आणि पहिला वायू

पाइपलाइन टाकून झाली म्हणजे वापरायला तयार झाली, ही समजूत काढून टाका. आधी पाणी भरून आत साफसफाईचा पिग, म्हणजे दाबाने पुढे ढकलला जाणारा बोळा, पाठवतात. मग मोजणीचा पिग, ज्यावर ॲल्युमिनियमची गोल चकती बसवलेली असते, पाइपच्या आतल्या व्यासाहून जेमतेम लहान. ती दुसऱ्या टोकाला बाहेर आली की सगळे तिच्याभोवती जमतात. कड गुळगुळीत असेल तर पाइप सरळ. कड एका बाजूला मुडपली असेल तर वीस किलोमीटरमध्ये कुठेतरी चेपलंय, आणि शोधायला जहाज पाठवायचं. कड खरवडलेली पण वाकलेली नसेल तर घाईने 'ठीक' लिहू नका. चकतीचा फोटो आणि मापं दोन्ही नोंदवा.

त्यानंतर पाण्याची दाबचाचणी, पाणी काढणं, कोरडं करणं आणि शेवटी नायट्रोजन. कोरडं करण्यात कंटाळा केला की पहिल्याच आठवड्यात हायड्रेट आणि गंज दोन्ही भेटीला येतात.

पहिला वायू सोडताना हवा आणि वायू एकत्र येता कामा नये. आधी नायट्रोजनने ऑक्सिजन घालवा, मग गळती तपासा, मग एक विहीर, कमी चोकवर. बंद करायची यंत्रणा प्रत्यक्ष वायूवर एकदा चालवून पाहा. कागदावरची चाचणी इथे चालत नाही.

तपासा: विक्रीचा मीटर दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर पडताळला का? पैसे त्याच्यावर मिळणार आहेत.

## टप्पा १० : उत्पादनाची वर्षं, आणि शेवटाचा खर्च

पहिल्या वर्षी दर विहिरीचा दाब आणि येणारं पाणी नोंदवत राहा. काढलेला वायू आडव्या अक्षावर आणि दाब, वायूच्या विचलन गुणांकाने भागून, उभ्या अक्षावर मांडला की बंदिस्त साठ्यात सरळ रेघ मिळते. ती पुढे वाढवली की साठा किती, ते पुन्हा कळतं. रेघ वर वाकत असेल तर खालून पाणी चढतंय. टप्पा २ मधला ७० टक्क्यांचा आकडा तेव्हा बदलायचा, दडवायचा नाही. कॉम्प्रेसरची मागणी कधी नोंदवायची तेही याच आलेखावर ठरतं.

शेवटाचा खर्च पैशाच्या पहिल्या तक्त्यातच असला पाहिजे. बहुतेक प्रकल्पांत तो रकाना कोराच असतो. विहिरी सिमेंटने बुजवायच्या, डेक उचलायचा, पाइल समुद्रतळाखाली कापून जॅकेट काढायचं. यासाठी उत्पादन चालू असतानाच पैसे बाजूला टाकायचे असतात, आणि १९९९ पासून त्यासाठी जागा पूर्ववत करण्याच्या निधीची योजना आहे. आपल्याकडे ताप्ती क्षेत्रातले प्लॅटफॉर्म काढण्याच्या कामातून या खर्चाचा अंदाज येऊ लागला आहे. ते काम करणाऱ्याला आधी एकच गोष्ट लागते: प्रत्येक पाइल किती खोल गेला, कोणत्या केसिंगमागे किती सिमेंट आहे, याची प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे केलेली रेखाटनं. ती पाइल ठोकला त्याच आठवड्यात काढून, सही करून, दोन ठिकाणी ठेवा.